शेंगा चटणीच्या जागी काय आले? आहार आणि हृदयविकाराने होणारा मृत्यू

माझ्या मामांना वयाच्या ५२व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या एका कारखान्यात यंत्रमागावर त्यांची तीस वर्षे गेली होती; अंगाने ते किरकोळच होते, पोट मात्र गेल्या काही वर्षांत सुटले होते. अँजिओप्लास्टी होऊन ते घरी आले, तेव्हा भेटायला आलेल्यांपैकी कोणीतरी ठामपणे सांगितले की सर्वांत आधी शेंगा चटणी बंद करा, कारण तिला तेल सुटते आणि तेच तेल रक्तवाहिनीत जाऊन बसते. मामांनी त्याच दिवसापासून चटणी सोडली. पण नुसती भाकरी घशाखाली उतरेना, म्हणून ताटात लोणचे आणि पापड आले, आणि चहाबरोबर खाल्ले जाणारे मूठभर भाजलेले शेंगदाणे जाऊन तिथे खारी आली. सहा महिन्यांनी तपासण्या केल्या, तेव्हा रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा एक प्रकार) दोन्ही होते तिथेच होते. "मी तर सगळं सोडलं की," असे ते म्हणाले, आणि ते खरेही होते. सोडलेल्या पदार्थाच्या जागी काय आले, याकडे मात्र त्यांचे, आमचे, कोणाचेच लक्ष गेले नव्हते.

आहार आणि हृदयविकाराने होणारा मृत्यू यांच्या संबंधावर गेल्या सत्तर वर्षांत जे संशोधन झाले, त्याचा मला समजलेला गाभा मामांच्या या ताटात आहे. एखादा पदार्थ हृदयाला चांगला की वाईट, या प्रश्नाला सुटे उत्तर बहुधा नसते. तो कशाच्या जागी खाल्ला जातो यावर ते ठरते.

प्रश्नाचा आवाका आधी लक्षात घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगभरात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी सुमारे १ कोटी ७९ लाख माणसे दगावली, म्हणजे त्या वर्षीच्या दर तीन मृत्यूंपैकी जवळजवळ एक. जागतिक रोगभाराच्या एका अभ्यासात, वयोमानातील फरक जमेस धरून काढलेला या विकारांचा मृत्युदर भारतात दर लाखामागे २७२, तर जगाचा सरासरी दर २३५ असा निघाला होता. त्याहून अस्वस्थ करणारी बाब वयाची आहे. पहिला झटका येण्याचे मध्यक वय (निम्म्या रुग्णांना ज्याच्या आधी झटका येतो ते वय) दक्षिण आशियात ५३, तर इतरत्र ५९च्या आसपास आढळले. मामांसारखी माणसे कमावती असतानाच या आजाराच्या तावडीत सापडतात, आणि त्यांच्याबरोबर सगळे घर कोलमडते.

आता रक्तवाहिनीत नेमके काय घडते ते पाहू. खाल्लेले तेल जसेच्या तसे जाऊन धमनीला चिकटत नाही. ते आतड्यात पचते, त्याचे घटक निरनिराळ्या कणांच्या रूपाने रक्तातून फिरतात, आणि यकृत त्यांची पुढची व्यवस्था लावते. या व्यवस्थेत एलडीएल नावाचे कोलेस्टेरॉल वाहणारे कण तयार होतात. ते रक्तात जास्त प्रमाणात आणि वर्षानुवर्षे राहिले, तर धमनीच्या अस्तराखाली शिरून अडकतात. शरीराच्या संरक्षक पेशी त्यांना गिळायला येतात, त्या स्वतःच चरबीने फुगतात, आणि हळूहळू तिथे एक मऊ गाठ तयार होते. ही प्रक्रिया विशी-तिशीतच सुरू झालेली असू शकते, आणि तिचा त्रास काहीच जाणवत नाही. पुढे कधीतरी त्या गाठीवरचा पातळ पापुद्रा फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. वाढलेला रक्तदाब, रक्तातील जादा साखर आणि तंबाखूतील विषारी द्रव्ये त्या अस्तराला सतत इजा करत असल्यामुळे हे सारे लवकर घडते. आहाराचा संबंध येतो तो एलडीएल, रक्तदाब, साखर आणि कमरेचा घेर या चार वाटांनी. म्हणून एखाद्या पदार्थाबद्दल काही ऐकले की तो यांपैकी कोणत्या वाटेने काम करतो, असे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

हे कळले कसे, तेही थोडक्यात सांगायला हवे, कारण वर्तमानपत्रात येणाऱ्या बातम्यांचा अर्थ लावायला त्याचा उपयोग होतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासात ५२ देशांतील सुमारे ३०,००० लोकांची तुलना केली गेली. त्यात निम्म्यांना पहिला झटका आलेला होता आणि निम्म्यांना नव्हता. तंबाखू, रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट, मानसिक ताण, रोजच्या जेवणात फळे-भाज्या नसणे, व्यायामाचा अभाव आणि मद्यपान (त्याचा संबंध मात्र त्या अभ्यासात उलट, किंचित संरक्षक दिसला) अशा नऊ गोष्टींनी झटक्यांच्या धोक्याचा सुमारे ९० टक्के उलगडा होत होता. असे अभ्यास निरीक्षणावर उभे असतात आणि त्यांची एक मर्यादा असते. रोज फळे खाणारा माणूस बहुधा चार पैसे बाळगून असतो, फिरायला जातो, दवाखान्यात वेळेवर पोहोचतो. त्याचे आयुष्य फळांनी वाढले की या बाकीच्या गोष्टींनी, हे पूर्णपणे वेगळे करता येत नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकून लोकांचे दोन गट पाडायचे आणि एकाच गटाचा आहार बदलायचा, असे प्रयोग अधिक भरवशाचे मानले जातात. मात्र ते अवघड असतात. स्पेनमध्ये ७,४४७ लोकांवर झालेला 'प्रेडिमेड' प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. गट पाडण्यात त्रुटी आढळल्यामुळे तो निबंध मागे घेऊन २०१८ साली नव्या विश्लेषणासह पुन्हा छापावा लागला. ऑलिव्ह तेल किंवा कठीण कवचाची फळे (बदाम, अक्रोड) जास्त असलेल्या जेवणाने झटका, पक्षाघात आणि त्यांतून होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले, हा निष्कर्ष टिकला. पण त्यातला बराचसा लाभ पक्षाघात टळण्याचा होता. मृत्यूची संख्या वेगळी काढली तर दोन गटांतला फरक ठळक नव्हता. आजार टळणे आणि मृत्यू टळणे या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. दुसरी सिद्ध व्हायला जास्त माणसे आणि जास्त वर्षे लागतात, आणि बातमीत मात्र दोन्ही एकच असल्यासारख्या छापल्या जातात.

टक्केवारीचेही तसेच आहे. समजा पन्नाशीतल्या १,००० पुरुषांपैकी पुढच्या दहा वर्षांत ५० जण हृदयविकाराने जाणार आहेत. आहार बदलून धोका २० टक्क्यांनी घटला, तर ५० ऐवजी ४० जण जातील. म्हणजे दर हजारी दहा जीव वाचतील. एका माणसाला हा आकडा लहान वाटेल. सोलापूरएवढ्या शहराचा हिशोब मांडला की तो लहान राहत नाही. ज्यांना आधीच एक झटका येऊन गेला आहे त्यांचा मूळ धोकाच मोठा असल्यामुळे तेवढ्याच टक्क्यांत त्यांचे अधिक जीव वाचतात.

स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत 'कशाच्या जागी' हा प्रश्न सर्वांत स्पष्ट दिसतो. फिनलंडच्या उत्तर कारेलिया प्रांतात १९७२ साली एक मोहीम सुरू झाली. लोणी, साययुक्त दूध आणि मीठ यांवर पोसलेला तो प्रांत हृदयविकाराच्या मृत्यूंत जगात फार वरच्या स्थानी होता. तिथे लोण्याच्या जागी वनस्पती तेल आले, दूध कमी सायीचे झाले, मीठ घटले, भाज्या वाढल्या, धूम्रपान कमी झाले, आणि पुढच्या तीन-चार दशकांत कमावत्या वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. त्यात मोठा वाटा कोलेस्टेरॉल उतरल्याचा होता. पण लोणी काढून त्या जागी मैदा आणि साखर आणली, तर फायदा दिसेनासा होतो, हेही पुढच्या अभ्यासांत दिसून आले. पन्नासेक वर्षांतल्या प्रयोगांचा २०२० साली घेतलेला मोठा आढावा असे सांगतो की संपृक्त चरबी (लोणी, तूप, साय यांत भरपूर असते ती, थंडीत घट्ट होणारी) कमी केल्याने झटका-पक्षाघातासारख्या घटना सुमारे १७ टक्क्यांनी घटतात, मृत्यूंच्या संख्येत मात्र त्या प्रयोगांच्या मुदतीत फारसा फरक दिसत नाही.

सोलापूरकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा एक प्रयोग ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात १९६६ ते १९७३ या काळात झाला, आणि त्यातले तेल आपल्या शिवारातले होते: करडईचे. झटका येऊन गेलेल्या ४५८ पुरुषांपैकी एका गटाच्या आहारात संपृक्त चरबीच्या जागी करडईचे तेल आणि त्याच तेलापासून केलेले मार्गारिन (लोण्याऐवजी वापरायचा घट्ट पदार्थ) आले. त्यांचे कोलेस्टेरॉल उतरले, तरीही २०१३ साली जुनी माहिती पुन्हा तपासली तेव्हा त्याच गटात मृत्यू अधिक झाल्याचे आढळले. त्या काळच्या मार्गारिनमध्ये ट्रान्स फॅट (तेल कृत्रिमरीत्या घट्ट करताना तयार होणारी चरबी) असे, हे त्याचे एक कारण असू शकते; दुसरे असे की करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल (ओमेगा-६ प्रकारचे स्निग्धाम्ल) भरपूर असते, पण ओमेगा-३ प्रकारची आम्ले जवळपास नसतात. एका प्रयोगावरून करडईला दोष देणे चूक ठरेल, कारण बाकीचे बहुतेक पुरावे वनस्पती तेलांच्या बाजूचे आहेत. पण एकाच तेलाचा अभिमान धरून ते मनसोक्त वापरावे, याला मात्र या प्रयोगाने आधार उरत नाही. शेंगदाणा, करडई, मोहरी अशी तेले आलटून पालटून आणि मापात वापरणे हे अधिक सुरक्षित आहे. माप काढायचे तर घरातल्या माणसांची संख्या आणि महिन्याला संपणारे तेल पाहावे. माणशी अर्ध्या लिटरच्या आसपास हिशोब बसत असेल, तर तो दिवसाला साधारण १५ ग्रॅम होतो. आपल्याकडे बहुतेक घरांत तो याहून बराच वर जातो, आणि बाहेरचे फरसाण व भजी यात धरलेलीही नसतात.

आता शेंगा चटणीकडे येऊ. शेंगदाण्यात वजनाच्या निम्म्याच्या जवळपास तेल असते हे खरे, पण त्यातला मोठा भाग असंपृक्त असतो, कोलेस्टेरॉल अजिबात नसते, आणि जोडीला सुमारे चौथा हिस्सा प्रथिने असतात. बदाम-अक्रोडांसारखी कठीण कवचाची फळे आणि शेंगदाणे यांवरच्या अनेक अभ्यासांचा २०१६ साली एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात रोज २८ ग्रॅम, म्हणजे साधारण एक मूठ, खाणाऱ्यांमध्ये हृदयधमनीच्या विकाराचा धोका सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळला, आणि शेंगदाण्याचाही असाच अनुकूल संबंध दिसला. हे निरीक्षण आहे, त्यामुळे त्याची मर्यादा वर सांगितली तीच. तरीही उखळात लसूण, जिरे, तिखट घालून कुटलेल्या चटणीचे तेल हे मामांच्या आजाराचे कारण नव्हते, एवढे मी खात्रीने म्हणेन. तिच्यात खटकणारी गोष्ट वेगळीच आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही: मीठ. विकतची चटणी टिकावी आणि चरचरीत लागावी म्हणून त्यात ते सढळ हाताने पडलेले असते. घरी कुटताना मीठ निम्मे करून लसूण वाढवला, तर दोन आठवड्यांत जिभेला फरक जाणवेनासा होतो. चमचाभर चटणी आणि वाटीभर चटणी यांतला उष्मांकांचा फरक अर्थातच राहतो.

ज्वारीच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात आजही रब्बीत लोक विश्वासाने पेरतात. १०० ग्रॅम ज्वारीत तंतुमय पदार्थ सुमारे १० ग्रॅम असतात, मैद्यात जेमतेम ३ ग्रॅम. अख्ख्या धान्यांविषयीच्या २०१६ सालच्या आढाव्यात रोज ९० ग्रॅम अख्खे धान्य खाणाऱ्यांत हृदयधमनीच्या विकाराचा धोका सुमारे १९ टक्क्यांनी कमी दिसला. ते अभ्यास प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतले, गहू, ओट, राय खाणाऱ्या लोकांचे आहेत. त्यामुळे ज्वारीला ते लागू करताना आपण एक तर्क करत असतो, पण तो वाजवी तर्क आहे. भाकरीचा एक कमी बोलला जाणारा गुण असा की तिच्या पिठात बहुतेक घरांत मीठ घालत नाहीत, तर पाव, खारी, टोस्ट यांत ते असतेच. कडक भाकरीलाही हे सारे लागू पडते, फक्त ती पातळ आणि कुरकुरीत असल्यामुळे किती खाल्ली हे कळत नाही.

मात्र ज्वारीने साखर वाढतच नाही, हा समज घातक आहे. भाकरी हा शेवटी पिष्टमय पदार्थ आहे. आजी-आजोबांच्या पिढीत चार-पाच भाकऱ्या खाऊन माणूस दिवसभर शेतात राबत असे किंवा हातमागावर बसत असे. आज तेवढ्याच भाकऱ्या खाऊन दुकानाच्या गल्ल्यावर किंवा खुर्चीत बसले, तर उरलेली ऊर्जा पोटाभोवती आणि यकृतात चरबीच्या रूपाने साठते. आपल्याकडच्या रुग्णांत ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल (जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेणारे कण) कमी आणि पोट सुटलेले असे त्रिकूट वारंवार दिसते, आणि त्यामागे पिष्ट व साखर यांचे आधिक्य हे एक मोठे कारण मानले जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येत असल्याचे दिसले. दक्षिण आशियाई माणसासाठी कमरेच्या घेराची मर्यादाही म्हणूनच कमी ठेवलेली आहे: पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर. तेव्हा एक भाकरी कमी करून तिच्या जागी वरणाची, मटकीची किंवा हुलग्याची वाटी वाढवणे हा आपल्या ताटातला सर्वांत मोलाचा बदल आहे, असे माझे मत आहे. डाळी-कडधान्यांतले विद्राव्य (पाण्यात विरघळणारे) तंतू आतड्यात पित्ताम्लांना, म्हणजे यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवते त्या पचनाच्या द्रव्यांना, धरून बाहेर नेतात. नवे पित्त बनवण्यासाठी यकृताला रक्तातून एलडीएल ओढून घ्यावे लागते, आणि त्यामुळे ते उतरते. उपवासाच्या दिवशी मात्र नेमके उलटे घडते. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, एकादश्या घरोघरी पाळल्या जातात, आणि साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्या जागी भगर, ताक आणि फळ असे खाल्ले तर उपवासही राहतो.

मिठाबद्दल थोडे थांबून सांगतो, कारण मृत्यूशी आहाराचा जो संबंध प्रयोगांतून अगदी थेट दिसला, तो इथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभराहूनही कमी, अशी आहे; भारतीय माणूस सरासरी ८ ग्रॅम किंवा त्याहून अधिक खातो. जादा सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते, रक्तदाब वाढतो, आणि तो हृदयावर व मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर रात्रंदिवस भार टाकतो. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर एक प्रयोग झाला आणि २०२१ साली त्याचे निष्कर्ष आले. निम्म्या खेड्यांना नेहमीचे मीठ, तर निम्म्यांना चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ दिले गेले. बाकी काहीही न बदलता, सुमारे पाच वर्षांत त्या दुसऱ्या गटात पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि सर्व कारणांनी होणारे मृत्यू १२ टक्क्यांनी कमी झाले. असे मीठ आपल्याकडेही मिळते, पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण त्यांच्या रक्तात पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत साठू शकते. मामांचे लोणचे-पापड आणि त्यांचा हटवादी रक्तदाब यांचा संबंध आता वाचकांच्या ध्यानात आला असेल.

खारीचे प्रकरण त्याहून गंभीर आहे. तिचे पापुद्रे सुटे व्हावेत म्हणून लागणारी घट्ट चरबी पूर्वी प्रामुख्याने वनस्पती तूप असे, आणि त्यातले ट्रान्स फॅट हे एलडीएल वाढवणारे व एचडीएल घटवणारे, म्हणजे दोन्ही बाजूंनी घात करणारे असते. भारतात जानेवारी २०२२ पासून तेले आणि चरबी यांत ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के आहे. हा फार मोठा सुधार आहे. पण त्या जागी बहुधा पाम तेलापासूनची चरबी आली, आणि तिच्यात जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानेही त्यात घातक द्रव्ये वाढतात, म्हणून काळपट, फेसाळ तेलात तळलेली भजी टाळलेली बरी.

डाळिंबाने ब्लॉकेज विरघळतात असे जिल्ह्यात बरेच जण मानतात. सोलापूरच्या डाळिंबालाही मानांकन आहे, केगावला राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, फळ उत्तमच आहे. पण धमनीतली गाठ रसाने विरघळल्याचा पुरावा नाही, आणि रसापेक्षा दाणे चावून खाणे केव्हाही चांगले. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) किंवा रक्तदाबाची गोळी बंद करून त्या जागी रस घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो जिवाशी खेळ आहे. तंबाखू किंवा मावा तोंडात असताना ताटातल्या कोणत्याही बदलाने त्याची भरपाई होत नाही, हेही तितकेच खरे.

या सर्व चर्चेत घरातल्या बाईचे ताट कोणी पाहत नाही, याची मला फार खंत वाटते. सर्वांचे उरकल्यावर ती बसते तेव्हा वरण तळाला गेलेले असते, भाजी संपलेली असते, आणि शिळी भाकरी, मिठाचा ठेचा आणि गोड चहा एवढ्यावर तिचे भागते. स्त्रियांचा हृदयविकार अनेकदा उशिरा ओळखला जातो, कारण छातीत कळ येण्याऐवजी धाप, मळमळ, थकवा अशी लक्षणे दिसतात आणि ती अंगावर काढली जातात. डाळीची वाटी तिच्यासाठी आधी बाजूला काढून ठेवणे, हा आहारशास्त्राचाच भाग आहे.

मामांच्या ताटात आता चटणी परत आली आहे, एक चमचा, कमी मिठाची. दोन भाकऱ्या, वाटीभर घट्ट वरण, अंबाडी किंवा मेथीची भाजी, काकडी, ताक. चहाबरोबर भाजलेले शेंगदाणे. लोणचे सणावारी. धोका कमी झाला की नाही हे कोणालाही डोळ्यांनी पाहता येत नाही, म्हणून त्याच्या खुणा मोजाव्या लागतात. मीठ कमी केल्याचा परिणाम रक्तदाबावर काही आठवड्यांतच दिसू लागतो, चरबीतला बदल लिपिड प्रोफाइलमध्ये (रक्तातील चरबीच्या तपासणीत) साधारण सहा ते बारा आठवड्यांत उतरतो, आणि साखरेची तीन महिन्यांची सरासरी कळायला तेवढाच काळ जावा लागतो. मामांची पुढची तपासणी संक्रांतीनंतर, गड्ड्याची यात्रा झाली की, आहे.